लहानू माघार घेत नाही

इरफान मोमीनला कुणी पळताना पाहिलं नव्हतं. ऑफिसला आग लागली तरी हा आधी आपला कप विसळून ठेवेल आणि मग जिना उतरेल, असं सगळे म्हणायचे. त्यामुळे शनिवारी सकाळी तो धावत केतकीच्या टेबलापाशी आला, तेव्हा आजूबाजूच्या दोघातिघांनी माना वर केल्या.

"केतकी, लहानूनं शेवटची माघार कधी घेतली?"

"म्हणजे?"

"म्हणजे गेममध्ये, चाचणीत, कुठेही. 'इथून पुढे जायचं नाही, मागे फिरा' असं तो शेवटचं कधी म्हणाला? मी सगळ्या नोंदी चाळल्या. उन्हाळ्यापर्यंत अधूनमधून म्हणायचा. मग कमी कमी होत गेलं. गणपतीनंतर एकदाही नाही."

"हो, बघते," केतकी म्हणाली. हल्ली कुणी काहीही म्हटलं की तिच्या तोंडून हेच दोन शब्द आपोआप बाहेर पडत. मग इरफान काय म्हणाला ते तिच्या डोक्यात शिरलं आणि तिनं खुर्ची मागे ढकलली. कारण या क्षणी लहानू गेममध्ये नव्हता. तो इगतपुरीच्या पलीकडे, घुबडनाळेच्या वाटेवर, आठ जिवंत माणसांना घेऊन चढत होता. त्या आठांत तिचा नवरा होता.

लहानू म्हणजे माणूस नव्हे. नाशिकच्या त्यांच्या छोट्याशा स्टुडिओनं 'कातळवाट' नावाचा गेम केला, त्यातला हा वाटाड्या. डोक्याला मुंडासं, हातात काठी, बोलणं थोडकं. खेळणाऱ्याला तो सह्याद्रीच्या घळींतून वर नेतो, तहान लागली की टाकं दाखवतो, घाबरलं की समजावतो आणि परिस्थिती वाईट दिसली की सरळ मागे फिरवतो. लोक गेम जिंकायला नाही, तर लहानूबरोबर चालायला यायचे. कुणी त्याला 'लहानूभाऊ' म्हणे, कुणी वाढदिवसाला शुभेच्छा पाठवी. केतकी दळवीनं त्याला घडवला होता आणि तिला तो सख्ख्या भावासारखा वाटायचा, हे ती कुणाला सांगत नसे एवढंच.

घडवताना मात्र त्यानं तिला रडकुंडीला आणलं होतं. जुन्या पद्धतीनं पात्र लिहायचं म्हणजे नियम लिहायचे. अमुक झालं तर तमुक कर. पात्र साधं असेल तर हे निभतं. लहानूला तर डझनभर ओढी होत्या. त्याला तहान होती, भीती होती, माणसांची माया होती, वाटेचा अभिमान होता, अंधाराआधी पोचायची घाई होती. एका वेळी दोन ओढी भांडल्या की त्यांचा निवाडा करणारा नियम हवा, तीन भांडल्या की आणखी नियम हवेत आणि एक नियम दुरुस्त केला की दुसरीकडचे मोडत. एका खेळात लहानू दोन बुडणाऱ्या माणसांपैकी कुणाला आधी वाचवायचं हे न कळून नदीकाठी गोल गोल फिरत राहिला. एकदा त्यानं सगळ्या टोळीचं पाणी एका तहानलेल्या कुत्र्याला पाजलं. 'इतकं ऊन झालं की थांबायचं' असा पक्का नियम घातला, तर तो बरोबर कड्याच्या मधोमध थांबला आणि जागचा हलेना. नियमांचं ते भेंडोळं शेवटी इतकं वाढलं, की लिहिणाऱ्या केतकीलाही ते वाचता येईना.

मग ठशाची पद्धत आली. तिच्यामागचा शोध ऐकायला साधा होता. माणूस दोन गोष्टींपैकी एक निवडतो, त्याच्या अगोदर मेंदू क्षणभर अडखळतो. त्या अडखळण्यात कुठली ओढ किती जोरात ओढते आहे, हे डोक्याला लावलेल्या पातळ पट्टीला टिपता येतं. माणसापुढे एकेक पेच ठेवायचा आणि पट्टीनं त्याच्या ओढींचं वजन नोंदवायचं. असे हजारो पेच झाले, की त्या माणसाच्या निवाड्याचा ठसा तयार होतो. तो पात्रात बसवला, की नियमांची गरजच उरत नाही. ठशाचा धनी जसा निर्णय घेईल, तसा पात्र घेतं.

त्यात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे ठसा एकाच माणसाचा लागे. केतकी आणि इरफान अशा दोघांचे ठसे एकत्र करून पाहिले, तेव्हा लहानू स्वतःशीच कचाकचा भांडायला लागला, म्हणून शेवटी एकट्या केतकीचा ठेवला. दुसरी अडचण कुणाला अडचण वाटलीच नव्हती. पात्र शिकत राहावं म्हणून ताज्या पेचांना जुन्यांपेक्षा जास्त वजन दिलेलं होतं. आज केतकी जशी असेल, तसा उद्या लहानू.

आणि केतकी कशी होती, हे विचारायला गेल्या वर्षभरात कुणाला सवड नव्हती.

गेम चालला. मग त्याची दुसरी आवृत्ती आली. मग स्टुडिओचा मालक निनाद वाघचौरे एक दिवस डोळे चमकवत आला. निनाद आणि केतकी कॉलेजात एकाच डोंगर-मंडळात होते, ती त्याला अजून निनाददा म्हणायची. तो म्हणाला, "गेममध्येच कशाला? लहानूला खरोखरच्या डोंगरात उतरवू. खांद्यावर एक छोटा संच, त्यातून त्याचा आवाज. आता खऱ्या वाटा जाणणारी माणसं राहिलीत कुठे? पोरं सगळी गाव सोडून गेली." एका मोठ्या पर्यटन कंपनीला कल्पना आवडली. त्यासाठी रोज नवे पेच हवे होते, खऱ्या वाटांचे, खऱ्या उन्हाचे. पट्टी घालून पेच सोडवायला माणूस एकच. केतकी सकाळी पट्टी घालायची ती संध्याकाळी कानामागे लाल वळ घेऊन काढायची. रविवार कधी आला आणि कधी गेला, तिला कळत नसे.

घरी ती गॅस चालू ठेवून आंघोळीला जायची. उन्मेष काही सांगत असला की मान डोलवायची आणि म्हणायची, "हो, बघते." उन्मेष शाळेत भूगोल शिकवायचा. त्याला बोलायला माणूस लागायचं. एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तो जुन्या टॅबलेटवर 'कातळवाट'ची पहिली आवृत्ती उघडून बसला होता. लहानू आणि तो एका खडकावर बसून नुसतं दरीकडे बघत होते.

"तू हे का खेळतोयस?" तिनं विचारलं होतं.

"हा थांबतो," उन्मेष म्हणाला होता. "मी बोलताना थांबतो, मग उत्तर देतो. तू पण असं करायचीस."

तिला तेव्हा राग आला होता. घुबडनाळेच्या चाचणीसाठी त्यांच्या जुन्या डोंगर-मंडळाकडून आठ माणसं मागितली, तेव्हा उन्मेषनं आपलं नाव दिलं. "तू तर काही येत नाहीस," तो म्हणाला. "निदान तुझ्या लहानूबरोबर जातो." त्यावर ती काय म्हणाली असेल, ते वेगळं सांगायला नको.

चाचणीचा पडदा आतल्या खोलीत होता. केतकी आणि इरफान आत शिरले. नकाशावर घुबडनाळेच्या अरुंद घळीत आठ ठिपके हळूहळू वर सरकत होते. बाजूला ऊन, प्रत्येकाची नाडी, शिल्लक पाणी. ऑक्टोबरचं ऊन पूर्वीही वाईट असे, आता तर त्यात दगड हातात धरवत नसे. खाली लहानू बोलेल ते वाक्य उमटत होतं.

"मधलं टाकं कोरडं निघालं," इरफान म्हणाला. "निम्म्याहून जास्त पाणी संपलंय. आणि हा ठिपका बघ. सोनावणे सर. रिटायर्ड हेडमास्तर. त्यांची नाडी बसल्यावरही उतरत नाहीये."

पडद्यावर लहानूचं वाक्य उमटलं. *वरच्या टाक्यात असंल पाणी. थोडंच ऱ्हायलंय.*

"वरच्या टाक्यात पाणी असेल हे याला कुणी सांगितलं?" केतकी म्हणाली.

"कुणीच नाही. म्हणून तर तुझ्याकडे पळत आलो."

नकाशावर घळीच्या वरच्या अंगाला एक जाड लाल रेघ होती. कातळटप्पा. दोर लावून चढायचा उभा कडा. एकदा माणसं त्यावर चढली, की दमलेल्या माणसाला त्या उन्हात पुन्हा खाली उतरवणं जवळजवळ अशक्य. वर पाणी नसेल, तर सोनावणे सरांचं काय होईल हे दोघांनाही कळत होतं. ठिपके रेघेपासून लांब नव्हते.

केतकीनं उन्मेषला फोन लावला. तिसऱ्या वेळी लागला. आवाज तुटक येत होता.

"उन्मेष, मागे फिरा. सगळे मागे फिरा."

"अगं, लहानू म्हणतोय थोडंच..."

"लहानूचं ऐकू नकोस. त्याच्यात बिघाड आहे."

"काय? ऐकू येत नाहीये. आता दोर लावायचेत, फोन आत टाकतोय. इथं सगळे त्याच्याच..." आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर नुसती टूं टूं. बाकीच्यांचेही लागेनात.

"संचातून बोलता येणार नाही?" इरफाननं विचारलं. विचारता विचारताच त्याला उत्तर आठवलं.

ती सोय केतकीनंच काढून टाकली होती. तिच्या जुन्या मंडळाचा एक कडक रिवाज होता. डोंगरात निर्णय डोंगरावरच्या माणसाचा, खाली बसलेल्यानं वरच्याला हुकूम सोडायचा नाही. एकदा पायथ्याच्या नेत्यानं वॉकीटॉकीवरून वरच्या टोळीला पुढे जायला लावलं होतं आणि एक पोरगी पडली होती. तेव्हापासूनचा तो रिवाज. लहानू बनवताना केतकीनं तो जसाच्या तसा घातला. संचाला ऑफिसातलं कुणाचंही बोलणं ऐकू येणार नाही. कारखान्यात बसलेल्या इंजिनियरला असलं काही सुचलं नसतं. डोंगरातून आलेल्या माणसालाच ही चूक करता येत होती आणि तिनं ती मोठ्या अभिमानानं केली होती.

"संच बंद करू?" इरफान म्हणाला.

"बंद पडला तर त्यांना वाट कोण दाखवणार? त्या घळीत तीन फाटे आहेत. दोन थेट कड्यावर निघतात."

"लहानूची जुनी आवृत्ती पाठवू?"

"एवढी मोठी गोष्ट तिथल्या सिग्नलमधून जाणार नाही. फक्त ताजे निवाडे जातात. बारीक असतात, म्हणून जातात." ती बोलता बोलता ड्रॉवर उघडून पट्टी काढत होती. "मी माघारीचे पेच सोडवते. ताज्या पेचांना वजन जास्त. दहा-वीस पेचांत तो बदलेल."

"केतकी, बचाव पथकाला फोन करू का आधी?"

तिनं दाराकडे पाहिलं. बाहेरच्या मोठ्या खोलीत पर्यटन कंपनीची माणसं बसली होती. निनाद त्यांना नकाशा दाखवत होता, समोसे फिरत होते. बचाव पथक निघालं म्हणजे सगळं संपलं. लहानू संपला.

"थांब जरा," ती म्हणाली. "मी करते."

तिनं पट्टी कपाळावर बसवली. पडद्यावर पेच येऊ लागले. पाणी संपत आलं आहे, शिखर दिसतं आहे. पुढे की मागे? मागे. एक माणूस दमला आहे, बाकीचे ताजे आहेत. मागे. अंधार पडेल, पण वर गुहा आहे. मागे, मागे, मागे. ती बोटं आपटत होती. इरफान लहानूच्या ओढींचे काटे बघत होता. माघारीचा काटा तळाशी पडलेला होता आणि तो केसभरही हलला नाही.

"काहीच होत नाहीये."

"असं कसं? मी प्रत्येक वेळी मागेच म्हणतेय."

"म्हणतेयस," इरफान हळू आवाजात म्हणाला. "पट्टी तू काय म्हणतेस ते कुठे बघते?"

केतकीचे हात थांबले. तिला एकदम ते सगळे महिने दिसले. लाल वळ, रोजचे पेच, आणि प्रत्येक पेचाला तिनं दिलेली अचूक उत्तरं. तिला नियम पाठ होते. पाणी कमी, मागे. ऊन जास्त, मागे. तिनं एकही उत्तर चुकवलं नव्हतं. आणि प्रत्येक उत्तराच्या आधी, त्या अडखळण्याच्या क्षणात, तिच्या आत एकच गोष्ट चालू असे. उरकून टाक. थोडंच राहिलंय. एवढं झालं की बसू. पट्टीनं उत्तरं फेकून दिली होती आणि ते उचललं होतं. लहानूला तिनं दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

दार उघडून निनाद आत आला. चेहरा हसरा होता, आवाज मात्र दबका.

"काय चाललंय? बाहेर लोक विचारतायत, नाडीचा आकडा लाल का झाला म्हणून."

इरफाननं थोडक्यात सांगितलं. निनादचं हसू गेलं. तो मुळात वाईट माणूस नव्हता. नुसता घाईतला माणूस होता.

"बरं, मग दुरुस्त करा. केतकी आहे ना. केतकी, तू करशील. तूच करू शकतेस." त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि हे बघ, ही माणसं खूश आहेत. त्यांना लहानूसारखी आणखी सहा पात्रं हवीत. सगळ्यांचा ठसा तुझाच. दुसऱ्या कुणाला जमणार आहे?"

केतकीला वाटलं, हीच वेळ आहे. पट्टी डोक्यावर आहे. आता नकार द्यायचा, म्हणजे पट्टी टिपेल.

"नाही," ती म्हणाली. "मी नाही करणार. निनाददा, मला नाही जमणार."

निनाद चमकला. इरफाननं झटकन काट्याकडे पाहिलं.

काटा जागचा हलला नाही.

हलणार कसा? तोंडानं ती नाही म्हणत होती आणि आत तिला पक्कं ठाऊक होतं, की संध्याकाळी ती निनादला फोन करेल, सॉरी म्हणेल आणि सोमवारी सहा पात्रांचं काम सुरू करेल. ती नकार वापरत होती, देत नव्हती. पट्टीला हे तिच्याआधी कळलं होतं.

"केतकी," इरफान म्हणाला, "ठिपके रेघेला लागलेत. पथकाला फोन करतो."

"थांब, थोडंच आहे. मी करते ना."

इरफाननं फक्त पडदा तिच्याकडे वळवला. लहानूचं नवं वाक्य उमटलं होतं.

*थांबू नका. थोडंच ऱ्हायलंय. मी हाय ना.*

केतकी ते वाचत राहिली. तिचेच शब्द, तिच्याच क्रमानं, फक्त मुंडासं बांधून. कातळटप्प्याच्या पायाशी लहानू आठ माणसांना जे सांगत होता, तेच ती या खोलीत दोघांना सांगत होती. तो चुकत नव्हता. तो अगदी तिच्यासारखा वागत होता.

मग तिच्या आत काहीतरी सुटलं. धीर सुटला म्हणावं, तर तसंही नव्हतं. इतके महिने तिनं हाताची मूठ आवळून धरली होती, ती बोटं आपण होऊन उघडली. लहानू आपल्याशिवाय उभा राहणार नाही, स्टुडिओ राहणार नाही, आपण हे केलं नाही तर आपण कोणीच नाही, ही भीती ती रोज उशाशी घेऊन झोपायची. तिनं त्या भीतीकडे पाहिलं आणि तिला जाणवलं, की आपल्याला आता ही गोष्ट वाचवायची इच्छाच उरलेली नाही. उन्मेष वाचायला हवा. बाकी सगळं जाऊ दे. आणि उन्मेषला वाचवणंही आपल्या एकटीच्या हातात नाही.

तिला रडू आलं. लपवायचा तिनं प्रयत्न केला नाही.

"इरफान," ती म्हणाली, "फोन कर. पथकाला सांग, आमचा वाटाड्या बिघडलाय, आठ माणसं आहेत, एक आजारी आहे. जागा सांग. बाहेरच्या लोकांनाही सांग. मला जमत नाहीये. खरंच जमत नाहीये रे. खूप दिवस झाले, मला जमत नाहीये."

"केतकी, बाहेर..." निनाद म्हणाला.

"निनाददा, मी दमले." ती त्याच्याकडे बघत होती, पण रागानं नाही. "मी थांबतेय. फक्त आजपुरती नाही. मी थांबतेय."

तिनं टेबलावर हात ठेवले आणि त्यावर डोकं टेकलं. पट्टी तशीच होती, ती काढायचंही तिच्या लक्षात नव्हतं. इरफान फोनवर जागा सांगत होता. सांगता सांगता त्याचा आवाज अडला, मग पुन्हा सुरू झाला. फोन ठेवून तो म्हणाला, "केतकी. वर बघ."

माघारीचा काटा उभा राहिला होता. तळापासून थेट टोकापर्यंत, मधे कुठेही न थांबता. आणि खाली पडद्यावर लहानू बोलत होता.

*बसा. समद्यांनी बसा. इथून फुडं न्हाई जायाचं.*

ठिपके थांबले. मग एक ठिपका पुढे सरकला. कुणीतरी वाद घालत असावं. लहानूचं पुढचं वाक्य आलं.

*शिकर जवळ हाय, ठावं हाय मला. पर माझ्यानं आता होत न्हाई. मी मागं चाललो. तुमी बी चला.*

निनाद खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. बाहेरच्या खोलीतलं बोलणं थांबलं होतं, त्यांच्या पडद्यावरही हेच दिसत असणार. पुढे गेलेला ठिपका थोडा वेळ तसाच राहिला. मग तो वळला. मग सगळेच वळले. एका ठिपक्याच्या दोन्ही बाजूंनी दोन ठिपके चिकटून चालू लागले, ते सोनावणे सर असणार.

पायथ्याच्या करवंदवाडीत केतकी आणि इरफान पोचले, तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. बचाव पथकाची पोरं अर्ध्या वाटेवरच टोळीला भेटली होती. सोनावणे सरांना त्यांनी पाणी पाजत, ओल्या चादरीत गुंडाळून खाली आणलं होतं आणि आता गाडीत चढवत होते. सर शुद्धीवर होते. गाडीत चढवणाऱ्या पोराला ते चिडून सांगत होते, की मला हात लावू नकोस, मी चढतो. पथकाचा म्होरक्या इरफानला म्हणाला, "टप्पा चढले असते, तर आम्हाला वर जाऊन काही उपयोग नव्हता."

उन्मेष शाळेच्या पडवीत बसला होता. ओठ फुटलेले, चेहरा तांबडा. लहानूचा संच त्याच्या खांद्यावर अजून तसाच होता. केतकी जवळ आली आणि उभीच राहिली.

"तो म्हणाला, माझ्यानं होत नाही," उन्मेष म्हणाला. "सगळे चिडले. मी पण चिडलो, वाद घालणारा मीच. दहा पावलं पुढे गेलो. आणि मग मला त्या आवाजात तू ऐकू आलीस. केतकी, असं तू मला एकदाही का नाही सांगितलंस?"

"कसं सांगतात ते माहीत नव्हतं."

"माझंही चुकलं. मी लहानूकडे गेलो. तुझ्याकडे यायला हवं होतं."

ती त्याच्या शेजारी पडवीवर बसली. पाय लोंबते सोडले. समोर घुबडनाळेचा कडा तांबूस झाला होता आणि त्याच्याकडे बघून तिला काहीही करावंसं वाटत नव्हतं, हेच तिला नवं होतं. निनादचे तीन फोन येऊन गेले होते. लहानू आता कुठल्याच खेळात वर जायला तयार नाही, पहिल्याच वळणावर बसून राहतो, एकदा पट्टी घाल, दुरुस्त होईल, असा त्याचा निरोप होता. तिनं तो वाचला होता आणि फोन इरफानकडे देऊन ठेवला होता.

संचातून बारीक खरखर झाली. जवळ नवीन माणूस आलं, की लहानू त्याची विचारपूस करी. समोरची बाई कोण आहे हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"बाई, तुमाला वर जायाचं हाय का?"

केतकीनं उत्तर द्यायला वेळ घेतला. कुणी घाई केली नाही.

"नाही," ती म्हणाली.

"बरं झालं," लहानू म्हणाला. "मग मी बी बसतो."